पोट कसं चालवावं : नवीन ऑपरेटरसाठी सूचनापत्र

अंबरनाथच्या मोरिवली एमआयडीसीत नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला हेल्मेट, गमबूट आणि दोन पानी सूचनापत्र मिळतं. हेल्मेट तो घालतो, गमबूट एक नंबर मोठे निघतात आणि सूचनापत्र जेवणाच्या सुट्टीत डब्याखाली अंथरलं जातं. अशी पुष्कळ सूचनापत्रं मी लिहिली. रिॲक्टर कसा चार्ज करावा, कुठला व्हॉल्व्ह आधी उघडावा, ॲसिड सांडलं तर कुठल्या बाजूला पळावं. पण त्या कागदावरचा डबा ज्या प्लांटमध्ये रिकामा होतो, त्याचं सूचनापत्र आमच्या कुठल्याच फायलीत नाही. ते आता लिहितो.

प्लांट तुझ्याच नावावर आहे. जन्मापासून चालू आहे, वार्षिक शटडाऊन नाही, वॉरंटी कार्ड नाही. तुला ऑपरेटर म्हटलंय म्हणून हुरळून जाऊ नकोस. या लाइनची फक्त दोन टोकं तुझ्या हातात आहेत. मधलं सगळं ऑटोवर चालतं आणि तिथं बटणं असलेलं पॅनलच बसवलेलं नाही. तरी मोरिवलीत कुणालाही विचार, तो मधल्या भागाचाच सल्ला देईल: ओवा चाव, सोडा घे, हिंग लाव, शतपावली कर. दोन टोकांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. एक टोक फार सोपं वाटतं म्हणून, आणि दुसऱ्याचं नाव घ्यायची लाज वाटते म्हणून.

कच्चा माल

सरावाच्या बॅचला वडापाव घे. अंबरनाथ स्टेशनाबाहेरच्या गाडीवर कढईतून नुकताच निघालेला, लसणाची कोरडी चटणी भुरभुरलेला, सोबत मीठ लावलेली तळलेली मिरची. स्टोअरच्या हिशेबात पावात मैद्याचा स्टार्च आणि थोडं प्रथिन, बटाट्यात पुन्हा स्टार्च, बेसनात प्रथिन आणि सगळ्यांत मुरलेलं तेल. तीन वेगळे माल एकाच गोणीत. स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांब साखळी, प्रथिन म्हणजे अमिनो ॲसिडची. साखळी आहे तशी आतड्याच्या भिंतीतून आत जात नाही, सुट्या कड्या करूनच जाते. हा सगळा प्लांट उभारलाय तो साखळ्या तोडायला.

उपवास आहे म्हणून माल बदलून चालेल का, असं महाशिवरात्रीला हमखास विचारलं जातं. शिवमंदिराच्या जत्रेत वालधुनी नदीच्या काठी अख्खं अंबरनाथ लोटलेलं असतं आणि पोटात साबुदाण्याची खिचडी असते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. वर बटाटा, दाण्याचा कूट, तूप. प्लांटच्या लेखी हा उपवास नसून ओव्हरटाइम आहे. शिलालेखाप्रमाणे हे देऊळ शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. तेव्हा बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि आजचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, यांतलं काहीही भारतात पोचलेलं नव्हतं. त्या काळचे भक्त उपासाला काय खात होते कोण जाणे, पण आपला फराळ खात नव्हते एवढं नक्की.

पहिलं गेट

गाडीवरून वडा तळल्याचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं. त्याच वेळी खाली जठरातही ॲसिड सुटायला लागलेलं असतं. माल गेटवर यायच्या आधीच बॉयलर पेटवणारा असा कामगार कुठल्या कंपनीला मिळत नाही. हे सगळं पद्धतशीर मोजलं रशियाच्या इवान पावलॉव्हनं. त्याचं नाव घंटा आणि कुत्र्यांसाठी घेतलं जातं, पण १९०४ सालचं नोबेल त्याला मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत तो कुत्र्यांच्या जठरातला रस गोळा करायचा, आणि तो रस अपचनावरचं औषध म्हणून विकलाही जायचा. आमच्याकडे असता तर त्याला फेज टूमध्ये प्लॉट मिळाला असता.

लाळ दिवसाला एक ते दीड लिटर तयार होते. तिच्यात अमायलेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते तोंडातच स्टार्चच्या साखळीला हात घालतं. खोटं वाटत असेल तर नुसता पाव घे. चटणी नको, वडा नको. तुकडा तोंडात ठेवून मिनिटभर चावत राहा, गिळू नकोस. आधी पिठूळ लागतं, मग लगदा होतो, आणि थोड्या वेळानं जिभेच्या कडेला गोडसर चव येते. ती साखर पाववाल्यानं घातलेली नाही, तू आत्ता तयार केलीस. तांदळाच्या भाकरीनंही हा प्रयोग होतो.

आता चावण्याबद्दल. रिॲक्टरमध्ये ढेकळं टाकलीस तर सुपरवायझर तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करेल, कारण ढेकळाला बाहेरूनच रसायन लागतं आणि आतला माल कोराच राहतो. बारीक दळलेल्या मालाला सगळीकडून लागतं. इथंही तसंच, आणि पुढं कुठल्याही खात्यात दात नाहीत. तुझ्या हातातलं काम ते एवढंच. तरी बदलापूरवरून भरून आलेली लोकल प्लॅटफॉर्मला लागताना दिसली की चार घासांत वडापाव गायब होतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तोपर्यंत तू दुसराही संपवून विठ्ठलवाडी ओलांडलेली असतेस.

गिळणं हा या टोकावरचा तुझा शेवटचा निर्णय. जिभेनं घास मागं ढकलला की तुझी सही झाली. त्या क्षणी श्वासनलिकेवर झाकण पडतं आणि घास शेजारच्या नळीत जातो. झाकण पडताना तू शेजाऱ्याला "जरा सरका" म्हणालास तर ठसका लागतो. पुढची साधारण पंचवीस सेंटिमीटरची अन्ननलिका घास स्नायूंच्या लाटेनं खाली नेते, आठ-दहा सेकंदांत. पायपात उतार असावा लागतो हा आपला नियम इथं लागू नाही. आडवा पडून खा, उलटा लटकून खा, घास जठरातच जाणार. गर्दीत एका पायावर उभं राहून खाल्लेलाही बरोबर पोचतो, हा अनुभव तर सगळ्या गावाला आहे.

रिॲक्टर

जठर हे खरं रसायन खातं. आत हायड्रोक्लोरिक ॲसिड, पीएच दीड ते दोनच्या आसपास. आपल्याकडे नदीनाल्यात सोडायच्या पाण्याचा पीएच साडेपाच ते नऊच्या आत असावा लागतो. जठरातला माल तसाच बाहेर सोडला तर प्रदूषण मंडळाचा माणूस त्याच दिवशी टाळं ठोकून जाईल. आणि रस बनतो किती? दिवसाला दोनेक लिटर. परवाना नाही, टँकर नाही, टाकीवर धोक्याची पाटी नाही.

हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टीलच्या टाकीत ठेवलं तर टाकीला खड्डे पडतात, हे तुला पहिल्याच आठवड्यात कळेल. म्हणून आपण रबर नाहीतर काचेचं अस्तर लावलेली भांडी वापरतो. जठराची भिंत तर मांसाची, म्हणजे ज्याला पचवायचं तोच माल. तिला वाचवतो तो चिकट श्लेष्माचा थर, ज्यात अल्कली मुरलेली असते. शिवाय वरच्या पेशी काही दिवसांत झडून नव्या येतात, अस्तर बदलायला ठेकेदार बोलवावा लागत नाही. प्रथिनांच्या साखळ्या तोडणारं पेप्सिन इथंच कामाला येतं, पण भिंतीतून बाहेर पडताना ते निष्क्रिय रूपात असतं. ॲसिड लागलं की जागं होतं. नाहीतर स्टोअरमध्ये ठेवलेल्या मालानंच स्टोअर खाल्लं असतं.

ॲजिटेटर मिनिटाला सुमारे तीन फेऱ्यांनी चालतो. भिंतच आवळते, सैल पडते, पुन्हा आवळते. वडा, पाव, चटणी, मिरची आता वेगळी ओळखू येत नाहीत, एकच आंबूस पातळ लापशी झालेली असते. तळाचा व्हॉल्व्ह, म्हणजे जठरनिर्गम, एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठा कण सहजी पुढं सोडत नाही. घाईत गिळलेलं ढेकूळ इथं अडकून फिरत राहतं. आणि तेल असेल तर आतड्याकडून "हळू सोड" असा उलटा निरोप येतो, म्हणून तळलेला माल जास्त वेळ थांबतो. वडा जड पडला असं म्हणतात तेव्हा वजनाचा काही संबंध नसतो, पुढच्या खात्यानं डिस्पॅच रोखून धरलेला असतो.

रिॲक्टरच्या आत डोकावायला साइट ग्लास असते. पोटाला ती नाही, एक गाजलेला अपवाद सोडून. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. तो जगला, पण जठरापर्यंत गेलेलं भोक बुजलंच नाही. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँटनं संधी साधली. मांसाचे, कोबीचे, पावाचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून तो भोकातून आत सोडायचा आणि ठरावीक वेळानं ओढून काढून बघायचा, किती विरघळलं ते. अशी वर्षं काढून १८३३ साली त्यानं पुस्तक छापलं. पचन हे रासायनिक काम आहे, नुसतं दळण नाही, याला त्यातून भक्कम पुरावा मिळाला. सेंट मार्टिनची या नोकरीबद्दल बरीच कुरकुर होती, तो मधेच कॅनडाला घरी पळूनही गेला. सॅम्पल पॉइंट म्हणून राबायची नोकरी कुणाला आवडेल?

जळजळ झाली की सोडा मारायचा, ही इथली पद्धत. सोडा ॲसिडला मिळाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, मोठा ढेकर येतो आणि माणूस म्हणतो, "पचलं!" पचलेलं काही नसतं. ढेकर सोड्याचाच असतो. छातीत जळतं ते ॲसिड वर अन्ननलिकेत चढलं म्हणून, कारण तिला जठरासारखं अस्तर नाही. जेवून लगेच आडवा पडू नकोस. पडायचंच असेल तर डाव्या कुशीवर पड. मधल्या भागाबद्दलच्या घरगुती सल्ल्यांतला हा एक मला पटलेला, कारण त्या कुशीवर ॲसिडाचं तळं अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेल्या व्हॉल्व्हच्या पातळीखाली राहतं.

अल्सरचं खापर वर्षानुवर्षं तिखटावर आणि काळजीवर फोडलं गेलं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना जठराच्या अस्तरात एक वळणदार जिवाणू सापडला. एवढ्या ॲसिडात जिवाणू टिकेल कसा, म्हणून कुणी ऐकेना. १९८४ साली मार्शलनं त्याचं मिश्रण चक्क पिऊन टाकलं, काही दिवसांत त्याच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्यांचा मारा ही अल्सरची मुख्य कारणं, मिरची त्यांत नाही. तू मात्र सूचनापत्र लिहिण्यासाठी काहीही पिऊन बघू नकोस.

न्यूट्रलायझेशन

जठरातून थोडा थोडा आंबट माल लहान आतड्याच्या पहिल्या वळणात येतो. तिथं ॲसिड लागलं की भिंतीतून सिक्रेटिन नावाचं रसायन रक्तात सुटतं आणि स्वादुपिंडाला कळवतं: अल्कली पाठव. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी हे शोधलं. मज्जातंतूंशिवाय, नुसत्या रक्तातून निरोप जातो हे तेव्हा नवीनच होतं, हार्मोन ही कल्पनाच तिथून निघाली. स्वादुपिंडाचा रस दिवसाला लिटर-दीड लिटर, बायकार्बोनेटनं भरलेला. आपल्याकडे ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटला, चुना टाकायला माणूस लागतो, तो रात्रपाळीत झोपतो, आणि सकाळी पीएच बघून सगळे धावतात. इथली रात्रपाळी झोपत नाही.

त्याच वळणावर यकृताकडून पित्त येतं आणि तेलाचे मोठे थेंब फोडून बारीक इमल्शन करतं. मग लायपेज चरबी तोडतं, ट्रिप्सिन उरलेली प्रथिनं, अमायलेज उरलेला स्टार्च. शेवटचे दोन-दोन कड्यांचे तुकडे आतड्याच्या भिंतीवरच तुटतात. कटिंगमधल्या दुधाची साखर तोडणारं लॅक्टेजही तिथंच बसतं. मोठेपणी पुष्कळ भारतीयांत ते कमी होतं, म्हणून काहींना चहा चालतो पण पेलाभर दूध प्यायलं की पोट गुरगुरतं.

लहान आतडं शरीररचनेच्या पुस्तकात सहा मीटर लांब असतं. जिवंतपणी स्नायू आवळलेले असल्यानं ते कमी भरतं. आतून मखमलीसारखी बारीक लव. सगळ्या घड्या आणि लव उलगडली तर टेनिसचं मैदान होईल असं शाळेत शिकवायचे. नव्या मोजमापानं ते सगळ्या पचनमार्गाचं मिळून तीसेक चौरस मीटरवर आलंय, म्हणजे बॅडमिंटनचं अर्धं कोर्ट. डोंबिवलीच्या पुढच्या वन बीएचकेला तेवढाच कार्पेट एरिया मिळतो, तक्रार करू नये.

ग्लुकोज आणि अमिनो ॲसिड इथून रक्तात शिरतात आणि थेट यकृताकडे जातात. तिथं क्यूसी होते: काय वापरायचं, काय साठवायचं, काय विषारी म्हणून मोडून टाकायचं. तेलाचं मात्र वेगळं. बहुतेक चरबी लसिकावाहिन्यांतून वर चढते आणि डाव्या खांद्याजवळच्या मोठ्या शिरेत रक्ताला मिळते. यकृताचं गेट चुकवून मागच्या दारानं आत. वड्यातलं तेल गेटपासशिवाय आलेलं असतं हे एकदा कळलं, की पोट सुटल्याचं नवल वाटत नाही.

पाण्याचा हिशेब बघ. तू दिवसाला दोनेक लिटर पितोस, प्लांट स्वतःचे सातेक लिटर रस ओततो, एकूण नऊ. शेवटच्या गेटमधून बाहेर जातं फक्त शंभर-दोनशे मिलिलिटर. बाकी सगळं परत आत. झिरो लिक्विड डिस्चार्जसाठी कंपन्या कोट्यवधी खर्च करून सल्लागार आणतात. तो सल्लागार चहाला बसतो तेव्हा त्याच्या पोटात हे फुकट चालू असतं.

ठेकेदारी खातं

मोठ्या आतड्यात दीड मीटरच्या लाइनवर तुझे कामगार फार कमी. तिथं सगळे कंत्राटी: जिवाणू, संख्येनं तुझ्या शरीरातल्या पेशींच्या बरोबरीनं. जे तुला पचलं नाही ते यांचं जेवण. इथल्या आगरी घरांतलं वालाचं बिरडं घे, की १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरातलं दाल-पकवान घे. वालात, चणाडाळीत रॅफिनोज जातीच्या साखरा असतात. त्या तोडायचं एन्झाइम माणसाकडे नाही, जिवाणूंकडे आहे. ते खातात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काही जणांत मिथेन सोडतात. या वायूंना वास नाही. वास येतो तो चिमूटभर गंधकाच्या संयुगांचा. स्क्रबर बसवलेला नाही. वाल भिजवून, मोड आणून, पाणी फेकून, सोलायचे हा आजीचा खटाटोप रॅफिनोज कमी करतो, म्हणून त्याला बायकी काम म्हणणाऱ्यानं नंतर बसमध्ये लोकांकडे बघू नये.

कंत्राटी लोक फुकट राबत नाहीत, पण देतातही. लहान साखळीची मेदाम्लं देतात, ज्यांवर मोठ्या आतड्याच्या पेशी जगतात. थोडं के जीवनसत्त्वही देतात. त्यांना हवं असतं चोथ्याचं खाणं. वडापावात त्यांच्या वाट्याला फारसं काही येत नाही. रोज तेच दिलंस तर काम बिघडतं.

शेवटचं गेट

इथं पुन्हा तुझी ड्यूटी सुरू होते. गेटला दोन व्हॉल्व्ह आहेत. आतला ऑटोवर, बाहेरचा तुझ्या ताब्यात. आतला थोडा सैल होऊन नमुना पुढं सोडतो आणि तिथली नाजूक त्वचा तपासते: वायू, द्रव की घन. असा सेन्सर बाजारात असता तर निम्मे इन्स्ट्रुमेंटवाले घरी बसले असते. पोट बिघडलेलं असताना मात्र या सेन्सरच्या रिपोर्टवर विसंबू नये. मिरची तिखट लागते ती उष्णता ओळखणाऱ्या ज्या ग्राहीमुळे, ती ग्राही या गेटवरही आहे. मिरचीची पावती दोनदा मिळते ती त्यामुळे.

सकाळी चहा पोटात पडला की जठर ताणलं जातं आणि मोठं आतडं हालचाल सुरू करतं. हा निरोप आला की लगेच जा. "आधी गाडी पकडतो, ऑफिसात बघू" असं म्हणून जो दाबतो, त्यानं लक्षात ठेवावं: अंबरनाथपासून सीएसएमटी साठ किलोमीटर, दीड तासाच्या आसपास, आणि लोकलला शौचालय नसतं. दाबलेला निरोप थोड्या वेळानं विरतो, माल आत राहतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि उद्या तोच माल दगड होऊन येतो. मग चूर्णाची जाहिरात वाचायची.

साफसफाई

लाइन रिकामी झाली की दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत एक जोरदार लाट जाते आणि उरलासुरला कण, मेलेल्या पेशी, चुकार जिवाणू पुढं ढकलते. पोटात कावळे ओरडतात म्हणतात तो पुष्कळदा या झाडूचा आवाज असतो. तो नेमका मीटिंगमध्ये येतो, त्याला इलाज नाही. पण या लोकांची एक अट आहे: लाइनवर माल असेल तर ते कामाला हात लावत नाहीत. अकराला बिस्किट, एकला डबा, तीनला कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, चारला समोसा, सहाला गाडीवर वडापाव, आणि घरी जेवण वाट बघत असतं. झाडू घेऊन आलेली टोळी प्रत्येक वेळी गेटवरूनच परत जाते, आणि रात्री बाराला सगळे झोपले की एकदाची काम सुरू करते. तेवढ्यात फ्रिज उघडल्याचा आवाज येतो.